मदत हवी आहे : एमटीडीसाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? (यूके, स्वतःचा धंदा आणि घरभाडं)

एलप्लेटवाला | १४ मार्च २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

एचएमआरसीचं (इथल्या कर खात्याचं) पत्र आलंय. ६ एप्रिलपासून मेकिंग टॅक्स डिजिटल (एमटीडी) लागू, म्हणजे हिशेब डिजिटल ठेवून दर तिमाहीला त्यांना पाठवायचा; सॉफ्टवेअर घ्या आणि नोंदणी करा. मी रेडिंगला ड्रायव्हिंग शिकवतो, शिवाय एक घर भाड्याने दिलंय. हातात तीन आठवडे आहेत. गेल्या आठवड्यात एका सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरली आणि ते माझ्या कामाचंच नाही निघालं. पैसे परत मिळत नाहीत म्हणे. सरकारी यादी उघडली तर इतकी नावं की काही कळेनासं होतं.

मुळात मर्यादा ५० हजार पौंडांची आहे आणि माझं उत्पन्न जेमतेम ३१ हजार. मग मला पत्र का?

कृपया थेट नाव सांगा. स्वस्त हवं आणि मोबाइलवर चालायला हवं. दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये मला दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात नोंद झाली पाहिजे.

---

मिसळ_स्लाऊ | रात्री १०:५८

डोळे मिटून फ्रीएजंट घ्या. नॅटवेस्ट बँकेत धंद्याचं खातं असेल तर फुकट मिळतं. माझा केटरिंगचा व्यवसाय आहे, पावतीचा फोटो काढला की काम झालं. बाकी काही बघू नका.

---

वैशाली_हॅरो | रात्री ११:१५

थांबा, नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. मी बुककीपिंग करते, रोज हेच चाललंय.

३१ हजार हा नफा की एकूण जमा? मर्यादा खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर आहे. शिकवणीची सगळी फी अधिक सगळं भाडं. नोकरीचा पगार आणि डिव्हिडंड त्यात धरत नाहीत.

घर एकट्याच्या नावावर आहे की दोघांच्या?

घेतलेलं सॉफ्टवेअर का चाललं नाही? हे सर्वांत महत्त्वाचं.

---

जोशी_क्रॉयडन | रात्री ११:३२

माझा सरळ सल्ला : लिमिटेड कंपनी काढा. कंपनीला हे एमटीडी लागूच नाही. मी २०११ मध्ये काढली, एकदाही पस्तावलो नाही. कॉर्पोरेशन टॅक्स, डिव्हिडंड, सगळं सुटसुटीत.

---

एलप्लेटवाला | १५ मार्च, सकाळी ७:०५

जोशीकाका, कंपनी नको आहे हो. सॉफ्टवेअर विचारलंय.

वैशालीताई, ३१ हजार नफा आहे. फीची एकूण जमा ४१,५००. गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा यातच बरंच जातं. घर माझ्या आणि बायकोच्या नावावर आहे, भाडं महिन्याला १,२००. म्हणजे माझ्या वाट्याला वर्षाचे ७,२००. दोन्ही मिळून ४८,७००. तरी ५० हजार होत नाहीत! यांची चूक आहे ना?

---

एक्सेलभक्त | सकाळी ८:२०

कशाला महागडी ॲप घेता? मी तेरा वर्षं एक्सेल वापरतोय. एक ब्रिजिंग सॉफ्टवेअर (एक्सेलमधले आकडे एचएमआरसीला पोचवणारं) घ्यायचं, तिमाहीची बेरीज त्यात टाईप करायची, पाठवायचं. संपलं.

---

वैशाली_हॅरो | सकाळी ८:४४

एक्सेल आणि ब्रिजिंग जरूर चालतं, पण बेरीज हाताने टाईप करणं चालत नाही. कॉपी-पेस्टही नाही. एक्सेलमधला आकडा ब्रिजिंगमध्ये जाताना डिजिटल दुवा अखंड लागतो : एकतर सेल जोडलेला हवा, नाहीतर फाईल अपलोड करायची. शिवाय नुसत्या बेरजा ठेवून भागत नाही. प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि प्रकार नोंदवलेला हवा.

---

एक्सेलभक्त | सकाळी ९:०२

कोण तपासायला येणार आहे? व्हॅटच्या वेळीही असंच घाबरवलं होतं.

---

वैशाली_हॅरो | सकाळी ९:१०

तपासणी आली तर कागद मलाच लावावे लागतात, म्हणून कळकळीने सांगते. तीच फाईल, तोच खर्च, फक्त टाईप करण्याऐवजी सेल जोडा. पाच मिनिटांचं काम आहे.

एलप्लेटवाला, अजून काही उत्पन्न आहे का? भारतात? आणि ते सॉफ्टवेअर का चाललं नाही, हे अजून सांगितलं नाहीत.

---

नांदेडकर_लेस्टर | सकाळी ९:४०

ड्रायव्हिंग शिकवता म्हणून विचारतो. माझ्या मुलीला टेस्टची तारीख मिळेना, महिनोन्‌महिने पुढची दाखवतंय. रद्द झालेल्या तारखा पकडायचा काही उपाय?

---

एलप्लेटवाला | दुपारी १:१५

नांदेडकर, वेगळा धागा काढा, नक्की सांगतो.

ताई, त्यात पुण्याच्या फ्लॅटला जागाच नव्हती. सिंहगड रोडला वडिलांनी घेतलेला टू बीएचके आहे, आता माझ्या एकट्याच्या नावावर. भाडं २८,००० रुपये. दरवर्षी रिटर्नमध्ये फॉरेनच्या पानांवर दाखवतो. पण ते भारतातलं आहे, त्याचा इथे काय संबंध?

---

वैशाली_हॅरो | दुपारी १:२२

अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं!

तुम्ही यूकेचे रहिवासी, म्हणून परदेशातल्या घराचं भाडंही त्या ५० हजारांत मोजलं जातं. २८,००० गुणिले १२ म्हणजे ३,३६,००० रुपये, पौंडात साधारण ३,१००. ४८,७०० अधिक ३,१०० केले की ५१,८०० होतात. आणि हे २०२४-२५ च्या रिटर्नवरून ठरतं, जे तुम्ही भरलेलं आहे. पत्र चुकून आलेलं नाही.

आता सॉफ्टवेअरचं. तुम्हाला तीन वेगळे हिशेब पाठवायचे आहेत : शिकवणीचा एक, यूके प्रॉपर्टीचा एक, फॉरेन प्रॉपर्टीचा एक. हा तिसरा प्रकार पुष्कळ स्वस्त ॲपमध्ये नसतो. म्हणून किमतीआधी ते बघा. सरकारी संकेतस्थळावर सॉफ्टवेअर शोधताना उत्पन्नाचे प्रकार निवडता येतात. तिथे तिन्ही निवडा, यादी एकदम आटोक्यात येईल.

आणि ते वर्षअखेरचं फायनल डिक्लरेशन भरतं का, हेही विचारा. काही फक्त तिमाही अपडेट पाठवतात आणि शेवटी दुसरं सॉफ्टवेअर घ्यायला लावतात. दोन वापरायला बंदी नाही, पण पैसे दोनदा जातात. पुण्याच्या भाड्यावर भारतात भरलेल्या कराची सवलत त्या शेवटच्या टप्प्यात मागायची असते, म्हणून तुमच्यासाठी ते नीट असणं फार गरजेचं आहे.

---

मिसळ_स्लाऊ | दुपारी २:०५

माझं फ्रीएजंट मागे घेतो, मला भारतातल्या भाड्याचा अनुभव नाही. घेण्याआधी चॅटवर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

---

कोथरूडकर | दुपारी २:३०

तुमचा भाडेकरू टीडीएस कापतो का? एनआरआय घरमालकाला भाडं देताना कापावा लागतो, सेस धरून ३१.२ टक्के. भाडेकरूला बहुधा माहीतच नसतं. रिटर्न भरून जास्तीचा परत मिळतो. आमच्या सोसायटीत यावरून केवढं रामायण झालं!

---

जोशी_क्रॉयडन | दुपारी ३:००

पुण्याचा फ्लॅट विकून टाका. सगळे प्रश्न एका फटक्यात सुटतील.

---

एलप्लेटवाला | संध्याकाळी ६:५०

काका, त्या फ्लॅटच्या दारावर अजून आईच्या हातची नावाची पाटी आहे. विकायचा विषय नाही.

कोथरूडकर, भाडेकरूशी उद्याच बोलतो.

ताई, फ्लॅट धरून ५१,८०० होतात हे पटलं. आता अडचण वेगळीच आहे. माझा सगळा हिशेब डायरीत. गाडीच्या डॅशबोर्डखाली निळी डायरी असते, प्रत्येक तासापुढे विद्यार्थ्याचं आद्याक्षर, फी, आणि रोख असेल तर बाजूला गोल. पेट्रोलच्या पावत्या मागच्या कव्हरात कोंबलेल्या. हे बंद करावं लागणार का? आणि बायकोनेही नोंदणी करायची का? ती एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) नोकरी करते.

---

वैशाली_हॅरो | संध्याकाळी ७:२०

डायरी खुशाल ठेवा, मात्र नोंदी डिजिटल झाल्याशिवाय तिमाही पाठवता येणार नाही. रविवारी आठवड्याची डायरी फाईलमध्ये उतरवायची सवय लावा.

तुमची उलाढाल ९० हजारांच्या खाली आहे, त्यामुळे पेट्रोल, विमा असे प्रकार वेगळे पाडून पाठवायची सक्ती नाही. एकूण जमा आणि एकूण खर्च एवढं चालतं. घरकर्जाचं व्याज मात्र वेगळं ठेवा, कारण राहत्या घरांच्या भाड्यात ते खर्च म्हणून वजा होत नाही, त्यावर २० टक्क्यांची सवलत मिळते.

बायकोचा पगार मोजत नाहीत. तिचा वाटा ७,२०० चाच, म्हणून तिला एमटीडी नाही, नेहमीचं रिटर्न. संयुक्त घराचा खर्च तुम्ही दर तिमाहीला न दाखवता वर्षअखेरीस दाखवलात तरी चालतो.

---

एक्सेलभक्त | संध्याकाळी ७:४५

सगळं भाडं बायकोच्या नावावर दाखवा, तुम्ही ५० च्या खाली याल.

---

वैशाली_हॅरो | संध्याकाळी ७:५२

कृपया असले सल्ले देऊ नका. नवरा-बायकोचं संयुक्त घर असेल तर उत्पन्न निम्मं-निम्मं धरतात. मालकीच वेगळ्या प्रमाणात असेल आणि तसं एचएमआरसीला कळवणारा फॉर्म १७ भरला असेल तरच ते बदलतं. आणि यातून सुटका होणार किती दिवस? एप्रिल २०२७ पासून मर्यादा ३० हजार, २०२८ पासून २० हजार.

---

नांदेडकर_लेस्टर | रात्री ८:१०

तारखा चुकल्या तर दंड किती? मी पुढच्या वर्षी सापडणार.

---

वैशाली_हॅरो | रात्री ८:३५

तिमाही अपडेट ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. प्रत्येक उशिराला एक पॉइंट, चार झाले की २०० पौंड. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२६-२७ मध्ये, तिमाही उशिराला पॉइंट नाहीत. फायनल डिक्लरेशनला मात्र ही सूट नाही, ते ३१ जानेवारी २०२८ पर्यंत. आणि २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच पद्धतीने ३१ जानेवारी २०२७ च्या आत भरायचं आहे, हे अनेकजण विसरतात.

एखाद्या तिमाहीत आकडा चुकला तर घाबरू नका. अपडेट वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या बेरजेचं असतं, पुढच्या वेळी दुरुस्त होऊन जातं.

---

एलप्लेटवाला | १९ मार्च, रात्री ९:३०

मंडळी, काम मार्गी लागलं म्हणून लिहितोय.

तिन्ही प्रकार आणि फायनल डिक्लरेशन, असं निवडून बघितलं. एवढ्या मोठ्या यादीतून हातावर मोजण्याइतकी उरली. चौघांना एकच प्रश्न पाठवला : भारतातल्या घराचं भाडं आणि तिथे भरलेल्या कराची सवलत दोन्ही तुमच्याकडून जातं का? एकाने ‘लवकरच’ म्हटलं, त्याला सोडलं. एकाचं उत्तरच आलं नाही. उरलेल्या दोघांत एक ब्रिजिंगचं निघालं, त्याची फाईल मोबाइलवरही उघडते. तेच घेतलं, आणि या वेळी वर्षाऐवजी महिन्याची वर्गणी.

रात्री बायको आणि मी मिळून मार्चच्या डायरीतली दोन पानं सराव म्हणून उतरवली. ती वाचत होती, मी टाईप करत होतो. चाळीस मिनिटं लागली आणि दोन रोख फी मी डायरीतच लिहायला विसरलोय हे सापडलं.

एक अडलंय. पुण्याचं भाडं ५ तारखेला जमा होतं, रुपयाचा दर कुठला धरू? आणि तिमाही ५ जुलैला संपते, माझी डायरी महिन्यावारी आहे.

---

वैशाली_हॅरो | रात्री ९:५५

एचएमआरसी दर महिन्याचे दर प्रसिद्ध करते. ते धरा, आणि वर्षभर एकच पद्धत ठेवा. तिमाहीसाठी कॅलेंडर पर्याय निवडा, म्हणजे १ एप्रिल ते ३० जून. पहिलं अपडेट पाठवण्याआधी निवडावं लागतं, नंतर त्या वर्षासाठी बदलत नाही.

---

मिसळ_स्लाऊ | रात्री १०:२०

मी आणि मेहुणा भागीदारीत आहोत. आम्हालाही लागू का?

---

वैशाली_हॅरो | रात्री १०:२६

भागीदारीतला वाटा सध्या मोजत नाहीत. पण तुमचं वेगळं घरभाडं वगैरे असेल तर सांगा. आणि या वेळी भारतातलंही पहिल्याच प्रतिसादात लिहा.