पोर्श ९९७ जीटी३चं इंजिन खाली उतरवलंय: कूलंटच्या चिकटवलेल्या फिटिंग्ज वेल्ड करायच्या की पिन मारायच्या?

मागचं_इंजिन:
नमस्कार मंडळी. २००७ची पोर्श ९११ जीटी३ आहे, ९९७ पिढीची, ३.६ लिटर मेत्सगर इंजिन (हान्स मेत्सगर यांच्या डिझाइनचं). क्लच, इंजिन माउंट आणि क्रँकचं मागचं सील एकदमच उरकायचं म्हणून इंजिन-गिअरबॉक्स एकत्र खाली घेतलाय. ८४०० आरपीएमपर्यंत मोकळेपणी गाणारं हे इंजिन माझा जीव की प्राण आहे, आणि ते पुन्हा पुन्हा खाली काढायची माझी तयारी नाही. म्हणून जे करायचं ते आत्ताच.

या इंजिनावर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) काही नळ्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव अॅल्युमिनियमच्या भागात, नुसत्या चिकटवलेल्या असतात. आटे नाहीत, वेल्ड नाही, फक्त एपॉक्सी गोंद. ९९६ आणि ९९७च्या जीटी३, जीटी२ आणि मेत्सगरवाल्या टर्बो बाळगणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. माझ्या गाडीत आजवर थेंबभरही गळती नाही. उतरवण्याआधी प्रेशर टेस्ट केली, काटा जागचा हलला नाही. मग हात लावावा का? लावायचा तर नवीन एपॉक्सी, पिन की वेल्ड? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

चौथा_गिअर:
हात लावाच. जोड सुटला तर थेंब थेंब गळत नाही, नळी एकदम बाहेर येते आणि सगळं कूलंट मागच्या टायरांखाली जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर तेलासारखंच निसरडं. कितीतरी सर्किटांवर ग्लायकॉलला बंदी आहे ती याचसाठी. तिथे साधं पाणी आणि गंजरोधक घालूनच उतरावं लागतं. वेगात वळणावर असताना मागची चाकं सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही.

माझं मत पिनच्या बाजूने. कास्टिंग आणि नळी दोन्हींतून आरपार भोक, आटे पाडायचे, सीलंट लावून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) बसवायचा. उष्णता नाही, वाकणं नाही, आणि पार्ट न सोडवताही होतं.

टिगवाला:
अॅल्युमिनियम वेल्डिंग हेच माझं रोजचं काम, आणि ही हाउसिंग्ज (नळ्या बसतात ती कास्टिंग्ज) माझ्या टेबलावर बऱ्याच येऊन गेल्यात. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या प्रेशर टेस्टबद्दल. ती थंड इंजिनावर केलीत ना? मग गोंदाबद्दल तिने फारसं काही सांगितलेलं नाही. एपॉक्सी थंडीत दगडासारखं असतं. ठरावीक तापमानापुढे ते मऊ पडायला लागतं, आणि प्रेशरही नेमकं त्याच वेळी चढलेलं असतं. सिस्टिममध्ये एक बार जादा दाब असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे कूलंट शंभरच्या वर जाऊनही द्रवच राहतं. त्यात इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो आणि ब्लॉकची सगळी ऊब याच जोडांत साचते. वर्षानुवर्षं असं तापणं-निवणं, शिवाय गोंद आणि धातूच्या मधे हळूहळू शिरणारं पाणी. जोड आतून सुटत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पिनबद्दल चौथा_गिअर यांचं निम्मं पटतं. पिन नळीला बाहेर पडू देत नाही, आणि जीव वाचवायला तेवढं पुरे आहे. पण गळती थांबवणं हे पिनचं कामच नाही, ते अजूनही त्याच जुन्या गोंदावर आहे. वर भोक पाडताना चुरा आत पडतो तो वेगळाच. इंजिन गाडीत असतं तर मीही पिनच सांगितली असती. तुमचं खाली आहे, तेव्हा वेल्ड करा.

नुसता नवीन गोंद भरायचा विचार मात्र सोडा. तो जोड पुन्हा त्याच वाटेने जाणार.

आता वेल्डरकडे देताना काय बघायचं ते. नळी काढण्याआधी नळी आणि कास्टिंग दोन्हींवरून एक सरळ रेघ कोरून घ्या. नळीचा कोन जरा जरी चुकला तरी होज पिळवटून बसतो, आणि हे इंजिन वर चढल्यावरच कळतं. मग जोड गरम करून नळी फिरवत बाहेर काढा आणि जुना गोंद शेवटच्या कणापर्यंत खरवडा. गोंद उरला तर तो आर्कखाली जळतो, वेल्डमध्ये बुडबुडे धरतात आणि वरून चकचकीत दिसणारा बीड (वेल्डची रेघ) आतून जाळी होतो. कास्टिंगने कूलंटही शोषलेलं असतं, म्हणून आधी ते ओव्हनमध्ये तापवून सुकवायचं, मग अॅसिटोन, मग फक्त अॅल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश.

फिलर रॉड (वेल्डमध्ये वितळवून भरायची सळई) कुठला वापरणार हे त्याला तोंडावर विचारा. ४०४३ हवा. अनेकजण हाताशी असतो म्हणून ५३५६ वापरतात, तो ताकदीला जास्त आहे हेही खरं. पण त्यात साधारण ५ टक्के मॅग्नेशियम असतं, आणि ६५ अंशांच्या वर सतत राहणाऱ्या जोडाला तो चालत नाही, ताणाखाली गंजून चिरा पडू शकतात. कूलंटचा जोड कायम त्याच्या वरच असतो. ४०४३मध्ये सिलिकॉन आहे, कास्टिंगशी त्याचं छान जमतं.

वेल्ड करताना हाउसिंग जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवायचं, आणि निवल्यावर ओ-रिंगची (सील करणाऱ्या रबरी कड्याची) बैठक सपाट आहे का ते बघायचं. किंचित वाकली असेल तर मशीनवर एक हलका हात मारून घ्यायचा. शेवटी सगळी तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवून, दीड-दोन बार हवा. ही टेस्ट थंड पाण्यात उरकून कुणी पार्ट हातात दिला तर घेऊ नका.

ईपीडीएम:
टिगवाला यांनी सगळं सांगितलंच, ओ-रिंगचं तेवढं जोडतो. कूलंटसाठी ईपीडीएम रबर उत्तम, पण खनिज तेलाशी त्याचं अजिबात पटत नाही. बसवताना इंजिन ऑइल, साधं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावलं तर रिंग फुगते आणि मऊ पडते. सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर सरळ कूलंटचं बोट फिरवा. खाचेत जुन्या कूलंटचा पांढरा थर असेल तर तो लाकडी काडीने काढा. स्क्रू-ड्रायव्हरचा एक ओरखडासुद्धा गळतीला पुरतो. आणि ओ-रिंगच्या वर सिलिकॉन सीलंट लावू नका. रिंगला दबायला जागा लागते.

मागचं_इंजिन:
मनापासून आभार. वेल्डचं पक्कं केलं. चिकटवलेला एकही जोड ठेवणार नाही. एकच शंका: तापमानाच्या सेन्सरला टेफ्लॉन टेप चालेल का?

टिगवाला:
सेन्सरखाली वॉशर किंवा ओ-रिंग असेल तर आट्यांना काहीही लावायचं नाही, सील तिथेच होतं. वॉशर मात्र नवा घ्या. टेपची गरज फक्त निमुळत्या आट्यांना, आणि तिथेही मी पेस्ट पसंत करतो, कारण टेपचे तुकडे सुटून बारीक वाटांत अडकतात. पेस्ट लावताना टोकाकडचा पहिला आटा कोरडा ठेवा.

इंजिन चढवल्यावर कूलंट व्हॅक्यूमने भरा. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, एवढ्या लांब नळ्यांतली हवा नुसतं ओतून निघत नाही. आणि वेल्ड झालेल्या हाउसिंगचे फोटो बसवण्याआधी इथे टाका, बीड बघून सांगतो.