कुर्ल्याची फियाट, कोकणातल्या खळ्यात : अनुभव धागा

सुरंगी
मागच्या आठवड्यात कौले परतायला गडी आले होते, म्हणून मांगरातली अडगळ बाहेर काढली. कोंबड्यांना कोंडा कालवून घालायची जी थाळी मी लहानपणापासून थाळी म्हणूनच ओळखत होते, ती उन्हात राखेने घासल्यावर फियाटच्या चाकाची टोपी निघाली. मधोमध फुगीर, कडेला दोन बोटे रुंद चकाकी अजून शिल्लक.

माझे मोठे काका दादरला टॅक्सी चालवीत. गणपतीला मुंबईबाहेर जाण्याचा परवाना काढून ते ती काळी-पिवळी थेट आमच्या कुडाळजवळच्या वाडीत आणीत आणि पाणंदीत हॉर्न ऐकू आला की आजी पडवीतून ओरडे, "फियाट इली गे, फियाट इली!" बोनेटच्या डाव्या अंगाला गाडीबाहेर बसवलेल्या मीटरला काका फडके गुंडाळून ठेवीत. आम्हा पोरांचा सगळा जीव त्या फडक्याखालच्या लोखंडी झेंड्यात अडकलेला असे, कारण तो खाली पाडला की आत टकटक सुरू होई आणि काका ताटावरून उठून धावत येत.

गंमत अशी की ती गाडी कागदोपत्री फियाट नव्हतीच. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळवणी होई, आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटची ११०० तिथे तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपला, गाडी प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. पण चितोडच्या राणीचे ते नाव आमच्या वाडीत कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. तुमच्याकडे ही गाडी कोणाबरोबर आली आणि तिच्याविषयी घरात काय बोलले जाई, ते जरूर लिहा.

तिठ्यावरचा
दादर ते कुडाळ मीटरने किती झाले असते, हे काकांनी एकदा तरी पाहायला हवे होते. वाडी गहाण पडली असती.

निवृत्त फिटर
मी खेड तालुक्यातला. १९७० साली गावकीच्या खोलीत वळकटी टाकली आणि वर्षभरात कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात लागलो. सुरंगीताई, तुम्ही टोपीविषयी लिहिले आहे, मी दाराविषयी लिहितो, कारण माझी उमेद दारे बसवण्यातच गेली. बिजागरी आवळल्यावर दार नुसते लोटायचे आणि कान द्यायचा. 'टप्प' असा एकच आवाज आला तर गाडी पुढे जाई. 'ट-टप' असे दोन आवाज आले तर रबराची पट्टी तपासून आणि लाकडी मोगरीने हलका ठोका देऊन पुन्हा लोटायचे. आजही कोणाच्या गाडीचे दार ऐकले की माझी मान आपोआप वळते, याबद्दल घरात माझी पुरेशी थट्टा होते.

नव्या मंडळींना ठाऊक नसते म्हणून सांगतो. १९५३ साली सरकारने ठरवले की परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळवणी करणाऱ्यांना यापुढे थारा नाही, ज्याला मोटारी करायच्या असतील त्याने भाग इथेच तयार करावेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी आपली जुळवणी बंद केली, आणि प्रीमियर मात्र राहिली. गाडीचा एकेक भाग देशी होत गेला तो त्यानंतर. आम्ही गावाला गेलो की 'मोटारच्या कंपनीत आहे' एवढे पुरत असे. मुलगी देणारे पुढे काही विचारत नसत. कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती आहेत. मी तिकडे गेलो होतो, पण आमची दारांची जागा नेमकी कुठे असेल ते मला काही उमजले नाही.

अबोली
फिटरकाका, तुमचे लिखाण वाचून मी बाहेर जाऊन आमच्या नव्या गाडीचे दार तीन वेळा लोटून पाहिले. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारले की काही बिघडले आहे का.

आमच्या शेजारी एका शिक्षकांकडे पांढरी पद्मिनी होती आणि आमचा गणपती चित्रशाळेतून तिच्यातूनच येई. आता हे ज्याने ती गाडी पाहिली आहे त्यालाच कळेल: गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढची बैठक एकसंध बाकासारखी, त्यामुळे पुढे मधोमध माणूस बसू शके आणि पायाखालची जमीन मोकळी राही. माझे वडील मधे बसत, मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, तोंडावर रुमाल, आणि डावीकडे मी टाळ घेऊन. गुरुजी दुसरा गिअर टाकताना दांडा पाटाच्या वरून नेत आणि प्रत्येक वेळी पुटपुटत, "देवा, जरा हात काढतो." पुढे त्यांनी खाली गिअर असलेली नवी गाडी घेतली आणि गणपती मागच्या सीटवर गेला. वडिलांना ते शेवटपर्यंत पटले नाही. ते म्हणत की यजमान पुढे आणि देव मागे, ही कसली रीत.

रातांबा
अबोली, टाळ वाजवणारी मुलगी आणि पाटावरून जाणारा गिअर, दोन्ही डोळ्यांसमोर आले. आमच्याकडे गणपती अजूनही डोक्यावरूनच येतो, कारण वाडीत रस्ता उतरतच नाही. त्यामुळे माझा अनुभव शून्य आहे. वाचतो आहे.

खाडीपलीकडे
मूळ कंपनीविषयी एक गोष्ट कोकणातल्या माणसाने विसरू नये. वालचंद हिराचंद हे आमच्या आजोबांच्या पिढीला मोटारीमुळे नव्हे, तर बोटीमुळे माहीत होते. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढणाऱ्यांत ते होते, आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला तिची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण ५ एप्रिल हा सागरी दिन पाळतो. बंगळुरूचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी यांचा आरंभही त्यांच्याच हातचा.

आमचे आजोबा हर्णैला बोटीतून पडावात उतरत, आणि पडाव वाळूला लागण्याआधीच गुडघाभर पाण्यात उडी टाकून धोतर भिजवून घरी येत. पुढे मुलाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी फियाट घेऊन दारात आणली तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की ही कोणाची. वडिलांनी सांगितले की वालचंदशेटच्या कारखान्याची. आजोबा म्हणाले, "म्हणजे बोटवाल्यांची. मग बुडणार नाही." गाडीविषयी त्यांची तेवढीच चौकशी होती. ती गाडी आमच्याकडे एकवीस वर्षे होती.

जांभा
सर्वांच्या आठवणी गोड आहेत, पण एक कडू घोट घेतो. या कंपनीचा नावलौकिक किती तिचा आणि किती परिस्थितीचा, हेही पाहायला हवे. साठ-सत्तरच्या दशकांत सामान्य माणसाला नवी मोटार घ्यायची तर अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढीच निवड होती. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, किंमतीवरही सरकारचे लक्ष असे, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणे हा रिवाज होता. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १२,००० रुपयांची फियाट घेतली, तीसुद्धा पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढून, आणि त्यांच्या निधनानंतर ते कर्ज ललिताबाईंनी फेडले. पंतप्रधानाची ही स्थिती, तर तालुक्याच्या डॉक्टरने काय करावे?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढच्या काही वर्षांत सगळे बदलले. आमच्या रत्नागिरीत पहिली मारुती आली तेव्हा लोक तिला खेळणे म्हणून हसले होते. दोन वर्षांत तेच लोक नंबर लावून बसले. प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई काढली, तिला निसानचे इंजिन घातले, पण पद्मिनीची माया काही तिला मिळाली नाही. त्यामुळे मी म्हणेन की आपण ज्याला विश्वास म्हणतो आहोत त्यात पर्याय नसण्याचा वाटा मोठा आहे.

निवृत्त फिटर
जांभाराव, पर्याय नव्हता हे मान्य आहे. पण पर्याय आल्यावरही ती गाडी २००० सालापर्यंत निघत होती आणि मुंबईचा टॅक्सीवाला तीच मागत होता, याचे कारण नुसती सवय नव्हे. टॅक्सीवाला भावनेने गाडी घेत नाही, हिशेबाने घेतो. १०८९ सीसीचे साधे इंजिन, बोनेट उघडले की प्रत्येक नट डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सापडतो, सुटा भाग कुठल्याही गल्लीत मिळतो, आणि रात्री बिघडलेली गाडी सकाळच्या पाळीला रस्त्यावर येते. आमच्या खेडला सायकलचे पंक्चर काढणारा एक जण फियाटचा कार्ब्युरेटर उघडून, पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून परत बसवीत असे. हे तुम्ही आज कुठल्या गाडीत करून दाखवाल?

जांभा
फुंकरीचा मुद्दा मान्य. तेवढ्यापुरती माघार घेतो.

तिठ्यावरचा
फिटरकाका, त्या पंक्चरवाल्याने आमचा रेडिओही फुंकर मारूनच दुरुस्त केला होता.

दर्यावर्दी
खाऱ्या वाऱ्यात पत्रा कसा टिकवायचा, याविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे घर वेंगुर्ल्याजवळ, पुळणीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे लोखंडाची खिडकी टिकत नाही, तर कोणत्याही कंपनीचा पत्रा काय टिकणार. माझ्या मामांनी विचार केला की होडीचे लाकूड राखायला काजूच्या टरफलांचे तेल लावतात, तर तेच गाडीला पोटाखालून लावावे. एका रविवारी नारळाच्या झावळ्या अंथरून मामा गाडीखाली शिरले आणि काथ्याच्या बोळ्याने सगळा तळ काळाकुळकुळीत करून बाहेर आले. काजूचे तेल कातडीला काय करते हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असते, पण मामा मुंबईत वाढलेले. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड, कपाळावर फोड, आणि जिथे त्यांनी घाम पुसला होता तिथे नाकाच्या शेंड्यावरही एक फोड. आठ दिवस मामी त्यांना हाताने भात भरवीत होती.

गाडीला फायदा झाला का, असे कोणी विचारेल. तळ खरोखरच बरीच वर्षे टिकला. वरचे छत मात्र फणसाखाली उभे करून आम्ही स्वतःच घालवले. एके दिवशी वरून पिकलेला बरका पडला आणि छताला परात झाली. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठे आणि चिमण्या अंघोळ करीत.

अबोली
मामांच्या नाकाबद्दल सहानुभूती. बरका पुढे कोणी खाल्ला, तेही सांगा.

दर्यावर्दी
मामींनी. मामांना हात नव्हते.

सुरंगी
हसून पुरेवाट झाली. खाडीपलीकडे यांच्या आजोबांचे वाक्य मी आमच्या घरी सर्वांना वाचून दाखवले.

आमच्या काकांकडे पद्मिनीच्या आधी, साठच्या दशकात, कोणा शेटची जुनी फियाट चालवायला होती, तिला ते 'डुक्कर फियाट' म्हणत. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या कडेला बिजागरी आणि पुढून उघडणारी. आमची आई नवी नवरी म्हणून त्याच गाडीतून दादरहून माहीमला गेली होती आणि सवय नसल्याने उतरताना तिचा पदर दारात अडकला होता. ती गोष्ट काका दर गणपतीला सांगत, आई दर गणपतीला चिडे.

गारंबी
माझे वडील परळला टॅक्सी चालवीत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात मुंबईच्या रस्त्यावरून उठली. बातमी आली त्या दिवशी वडील गावी, देवगडला, कलमांना आळी करीत होते. मी फोनवर सांगितले. ते म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला आणि त्यांनी विचारले की त्या शेवटच्या गाडीचा मीटर बाहेरचा होता की आतला. मला ते माहीत नव्हते. एवढे साधे कळत नाही, म्हणून त्यांनी मलाच दोन शब्द सुनावले.

कशेडी घाटाचा त्यांचा नियम मात्र मी अजून पाळतो. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या, त्यात आम्ही आठ माणसे, टपावर सतरंजीत बांधलेले सामान आणि दोन मैदा-साखरेची पोती, असे लादल्यावर चढावर पेट्रोल पंपात वाफ धरणारच. त्यात गाडीचा काय दोष. वडील पोलादपूरला चहा घेतानाच पंचा भिजवून पिळून तयार ठेवीत, घाटाच्या मध्यावर गाडी कडेला लावीत, पंचा पेट्रोल पंपावर पसरून बिडी पेटवायला चांगले वीस पावले लांब जात. बिडी संपली की पंचा काढायचा आणि गाडी एका आवाजात सुरू. आता मी नव्या गाडीतून जातो, तरी पोलादपूरला चहासाठी थांबतोच आणि पंचा नसला तरी रुमाल भिजवून घेतो. बायको विचारते कशाला. तोंड पुसायला, असे सांगतो.

निवृत्त फिटर
वडिलांना माझा नमस्कार सांगा. वीस पावले बरोबर आहेत.

पडवी
हा धागा उशिरा पाहिला. मी एक जुनी पद्मिनी पुन्हा उभी करतो आहे; तीन चाकांच्या टोप्या आहेत, चौथी कुठेच मिळत नाही. सुरंगीताई, कोंबड्यांची थाळी द्याल का? योग्य मोबदला देईन.

सुरंगी
काल मी कोंबड्यांपुढे स्टीलची नवी थाळी ठेवून पाहिली. पिवळी तिच्याभोवती दोनदा फिरली आणि मांगराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला सवय होईपर्यंत थांबा, मग पाहू.