हरणं की अल्पाका? ३ हेक्टर, वायकाटो, न्यूझीलंड

वायकाटोकर
नमस्कार मंडळी, हॅमिल्टनच्या बाहेर ३ हेक्टरचा लाइफस्टाइल ब्लॉक (घरासकट हौशी शेतीची जमीन) घेतलाय, गवत नुसतं माजलंय आणि त्यावर काय सोडायचं यावरून घरात रोज वाद. मला हरणं पाहिजेत, बायको म्हणते अल्पाका (लामासारखं लोकरीचं जनावर). त्यात शेजारी लाल हरणाचं आई मेलेलं पाडस देतोय, नर आहे, बाटलीने दूध पितं, पोरं तर त्याला सोडायलाच तयार नाहीत. आजोळी म्हशी होत्या एवढाच आपला अनुभव. काय करू?

कुरणवाली
पाडसाला नाही म्हणा, पोरं रडली तरी चालतील. बाटलीवर वाढलेला नर म्हणजे माणसाची भीती मेलेला नर. मोठा झाला की मार्च-एप्रिलमध्ये माजावर येतो, तेव्हा त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे दुसरा नर, सरळ शिंगं घेऊन अंगावर. आणि हरणाला मेंढ्यांचं कुंपण पुरत नाही, साधारण २ मीटर उंच जाळी लागते, अख्ख्या ब्लॉकचं कोटेशन बघूनच गार व्हाल. गाईंसारखा त्यांना सरकारी नोंदणीचा टॅगही सक्तीचा, अल्पाकाला तो नाही. आसपास मेंढ्या आहेत का तेही बघा, मेंढीला ज्या विषाणूने काही होत नाही तोच हरणाला मारू शकतो.

चिखलातले_बूट
+१. अल्पाकाच घ्या पण एकटा नको, निदान तीन. सुरुवातीला खच्ची केलेले नर बरे, पिल्लांची भानगड नको (गाभण काळच साडेअकरा महिने!). लेंड्या सगळे एकाच जागी टाकतात, साफ करायला बरं. वर्षातून एकदा लोकर कातरायची, नखं कापायची, लसी आणि जंताचं औषध व्हेटला विचारून.

आता खरी गोष्ट. वायकाटोत जानेवारी ते मे, म्हणजे इथला उन्हाळा-शरद, जनावरांना फेशियल एक्झिमा हा रोग होतो. उन्हाळ्यात वाळलेल्या रायग्रासच्या (कुरणातलं नेहमीचं गवत) बुडाशी बुरशी धरते, पाऊस पडून रात्री उबदार राहिल्या की तिचे बीजाणू भराभर वाढतात, त्यातलं विष थेट यकृतावर जातं. मेंढीचं तोंड तरी सुजतं, अल्पाकात बऱ्याचदा तेवढंही दिसत नाही. माझा तपकिरी नर फेब्रुवारीत कळपाच्या मागे मागे राहायला लागला, मला वाटलं उकाडा आहे, आणि अंगावर एवढी लोकर की जनावर गुबगुबीतच दिसतं. चौथ्या दिवशी पाठीवर हात ठेवला तर कणा पत्र्याच्या कडेसारखा लागला. आठवड्यात गेला. तेव्हापासून दर रविवारी लोकरीत बोटं घालून कणा चाचपतो. बीजाणूंचे आकडे दर आठवड्याला येतात ते बघायचे, गवत बुडापर्यंत खाऊ द्यायचं नाही, सुकं गवत घालायचं, आणि या विषापासून बचावाला झिंक आधीपासून सुरू करायचं, पण मात्रा व्हेटकडूनच कारण जास्त झिंक हेही विषच.

फलटणचा_शेळीवाला
मस्त धागा 😄 आमच्याकडे चितळ पाळता येईल का हो? दोन एकर पडीक आहे.

कुरणवाली
भाऊ, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, चितळ घरी बांधलंत तर वनखातं तुम्हाला बांधेल. शेळ्याच बऱ्या.

वायकाटोकर
शेजाऱ्याला पाडस नको म्हणून सांगितलं, पोरं दोन दिवस बोलली नाहीत, बायको मात्र "मी म्हटलं नव्हतं?" दिवसातून चारदा म्हणते. मग अल्पाका आत्ता फेब्रुवारीत आणू का?

चिखलातले_बूट
अजिबात नको, मे जाऊ दे, थंडी पडली की आणा. पण कातरणीवाल्याचा नंबर आत्ताच मिळवून ठेवा, नोव्हेंबरात तो कुणाचा फोन उचलत नाही.