डुकराच्या मांसासाठी छोटा प्रेशर कुकर: कोणता घ्यावा आणि मांस किती वेळ शिजवावे?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. आमच्या घरी डुकराचे मांस खाणारे आम्ही दोघेच, मी आणि माझे यजमान. सासूबाई मासळीखेरीज दुसरे काही सामिष खात नाहीत आणि त्यांच्या भांड्यांत हे मांस शिजू नये ही त्यांची इच्छा मला मनापासून मान्य आहे. म्हणून एवढ्या एका कामासाठी छोटा प्रेशर कुकर वेगळा घ्यायचे आम्ही ठरवले आहे. एका वेळी अर्धा किलो, फार तर पाऊण किलो मांस आणतो.

मागच्या महिन्यात बहिणीचा ५ लिटरचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणून त्यात अर्धा किलो मांडीच्या मांसाचे विंदालू (व्हिनेगर घातलेला तिखट रस्सा) करून पाहिले. सहा शिट्ट्या केल्या आणि घाई असल्याने लगेच शिट्टी उचलून वाफ काढली. नळीतून तेलकट मसाला उडाला, तळाला वाटण लागले होते, आणि मांस दोऱ्यांसारखे सुटे होऊनही खाताना कोरडे लागत होते. नेमके कोठे चुकले ते समजून घ्यायचे आहे. कुकर २ लिटरचा घ्यावा की ३ लिटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा की स्टीलचा, शिट्ट्या किती कराव्यात आणि व्हिनेगर आधी घालावे की नंतर, यांबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद (मडगाव)

ताई, आधी आकाराविषयी लिहितो. कुकरवर लिहिलेले लिटर हे काठोकाठ भरल्यावरचे माप असते. प्रत्यक्षात कुकर दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरायचा नसतो, आणि कडधान्यांसारखा फुगणारा किंवा फेसाळणारा पदार्थ असेल तर अर्ध्याच्या वर जायचे नसते. म्हणजे ३ लिटरच्या कुकरात कामाची जागा २ लिटरची, आणि २ लिटरच्या कुकरात सव्वा लिटरहून थोडी जास्त. अर्धा किलो मांस, दोन-तीन कांदे, वाटण आणि मिक्सरचे भांडे विसळलेले पाणी एवढे २ लिटरच्या कुकरात मावते. पण पाऊण किलो मांस आणले किंवा बटाटे घालावेसे वाटले की तो अपुरा पडतो. तुम्ही ३ लिटरचाच घ्यावा. दीड लिटरचा कुकर दिसायला सुबक असला तरी त्याचा तळ अरुंद असतो, आणि मोठ्या बर्नरच्या जाळीवर तो नीट बसत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुकर उंच न घेता पसरट घ्यावा. या मांसाची निम्मी चव ते आधी चांगले परतण्यात असते. अरुंद तळात तुकडे एकावर एक पडतात, त्यांचे पाणी सुटते, आणि मांसाला रंग येण्याऐवजी ते आपल्याच पाण्यात उकडत राहते. पसरट ३ लिटरच्या कुकरात अर्धा किलो मांस दोन खेपांत सुरेख परतता येते, आणि त्याच भांड्यात पुढचे सगळे होते.

धातूबद्दल माझे मत ठाम आहे. आपल्याकडे हे मांस बहुतेक वेळा आंबटातच शिजते. विंदालूत आणि सोरपोतेलात (मांस व काळीज बारीक कापून केलेल्या मसालेदार पदार्थात) माडाच्या सुरेचे व्हिनेगर असते, सोलांतुल्यात सोले म्हणजे आमसुले असतात. साधे अ‍ॅल्युमिनियम आंबटाशी प्रक्रिया करते, त्यामुळे भांडे काळवंडते आणि रश्श्याला धातूची चव येऊ शकते. शिवाय हे पदार्थ आपण मुरायला ठेवतो, आणि रात्रभर ते साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये राहणे अजिबात योग्य नाही. म्हणून स्टीलचा किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड, म्हणजे वर कठीण संरक्षक थर दिलेला, कुकर घ्यावा. स्टीलमध्ये उष्णता तळभर सारखी पसरत नाही, यासाठी तळाला अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला जाड बुडाचा कुकर पाहावा. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये व्हिनेगरात वाटलेला मिरचीचा मसाला हमखास लागतो.

झाकण आतून बसणारे असावे की बाहेरून, हा सवयीचा प्रश्न आहे. हॉकिन्सच्या कुकरांसारखे आतून बसणारे झाकण आतल्या दाबानेच वर दाबून धरले जाते, त्यामुळे वाफ असताना ते उघडत नाही, हा त्याचा गुण. मात्र कोणताही कुकर घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा मानक क्रमांक पाहूनच घ्यावा. घरगुती प्रेशर कुकरना हे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे, तरीही बिनचिन्हाचे कुकर विकले गेल्याची उदाहरणे त्यानंतर उघडकीस आलेली आहेत.

प्रतिसाद (पणजी)

मडगावच्या दादांनी भांड्याविषयी सर्व काही सांगितलेच आहे. मी तुमच्या विंदालूविषयी लिहिते, कारण त्यात झालेल्या चुका मी स्वतः अनेक वर्षे करत होते.

शिट्ट्या मोजणे सोडून द्या. पहिली शिट्टी होते तेव्हा आतला दाब पूर्ण झालेला असतो. त्यानंतर आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, मंद ठेवली तर एखादीच होते, आणि दोन्ही वेळा आतले तापमान मात्र जवळपास तेच असते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरात प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो जादा दाब असल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणून सहा शिट्ट्या मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटांतही होतात आणि मंद आचेवर अर्ध्या तासातही होत नाहीत. जास्तीच्या शिट्ट्यांतून जाते ते फक्त पाणी. ५ लिटरच्या रुंद कुकरात तुमच्या अर्धा किलो मांसाचा रस तळाशी पातळ थर होऊन पसरला, त्यातले पाणी शिट्ट्यांबरोबर गेले आणि वाटण तळाला लागले.

आता मऊपणाविषयी. मांसातल्या स्नायूंना बांधून ठेवणारा कोलॅजेन नावाचा चिवट भाग असतो. ओल्या उष्णतेत त्याचे हळूहळू जिलेटिन होते आणि त्यामुळेच घास मऊ व रसरशीत लागतो. १२० अंशांना ही क्रिया उघड्या भांड्यापेक्षा फार लवकर होते. प्रेशर कुकरचा मूळ पुरुष म्हणता येईल असे भांडे डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये दाखवले, ते मुळी हाडे मऊ करण्यासाठीच होते, हे आडमास, म्हणजे हाडांसकट मांस, आवडणाऱ्यांना सांगायला मला नेहमी आनंद होतो.

पण मांडीच्या मांसात कोलॅजेन आणि चरबी दोन्ही कमी असतात, त्यामुळे कुकरात ते मऊ होण्याऐवजी सुटे आणि कोरडे होते. कुकरासाठी खांद्याचे मांस मागावे, आणि त्यात थोडे पोटाचे, कातडी व चरबीसह घ्यावे. तुकडे दीड इंचाचे करावेत. त्याहून लहान तुकडे विरघळून जातात. घेताना मांसात तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या फुगीर गाठी दिसल्या तर ते मांस घेऊ नये, ती पट्टकृमीची लक्षणे असतात. चांगल्या मांसाचे तुकडेही आतपर्यंत पूर्ण शिजलेच पाहिजेत, आणि याबाबतीत कुकराइतके खात्रीचे साधन घरात दुसरे नाही.

माझ्या घरी असे करते: परतलेल्या अर्धा किलो मांसाला वाटण आणि एक वाटी, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाणी. मांसाला स्वतःचेही पाणी सुटते, म्हणून याहून जास्त नको. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून घड्याळ लावते: खांद्याच्या मांसाला १५ मिनिटे, कातडी असेल तर २०. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू देते. शिट्टी उचलून वाफ काढली की दाब एकदम उतरतो, आणि १२० अंशांना तापलेला रस्सा व मांसातले पाणी दोन्ही एकाच वेळी खदखदतात. रस्सा चरबीसकट नळीतून उडतो आणि मांस कोरडे पडते. तुमच्याकडे तेच झाले.

व्हिनेगर मांसाला आधी चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर उत्तमच. मात्र बंद कुकरात ते उघड्या टोपासारखे उडून जात नाही, म्हणून नेहमीपेक्षा थोडे कमी घ्यावे आणि झाकण उघडल्यावर १० मिनिटे उघडेच उकळावे. तेवढ्यात उग्र वास जातो, रस्सा दाट होतो आणि वर तांबडा तवंग येतो. कमी वाटले तर शेवटी चमचाभर व्हिनेगर वरून घालता येते. जास्त झालेले मात्र काढता येत नाही.

प्रतिसाद (काणकोण)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त सोरपोतेलाच्या बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. सोरपोतेल सबंध कुकरात करू नये. त्यातले मांस मोठ्या तुकड्यांत मीठ घालून कुकरात १० मिनिटे उकडून घ्यावे, पूर्ण निवू द्यावे, कारण निवलेले मांस आणि चरबी बारीक व सारख्या आकाराची कापता येते, आणि पुढचे परतणे व मसाल्यात शिजवणे उघड्या टोपात, शक्य असल्यास मडक्यात करावे. काळीज कुकरात मुळीच घालू नये. दाबाखाली ते कडक आणि भुसभुशीत होते. ते वेगळे दोन-चार मिनिटे उकडले की पुरे.

एक काळजीची गोष्ट. या मांसाची चरबी निवल्यावर थिजते आणि वाफेच्या नळीत व सेफ्टी व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला बसते. दर वेळी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहावे आणि नसेल तर गरम पाणी व तारेने ती मोकळी करावी. रबरी रिंग त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करून ठेवावी. चरबी लागून राहिली की ती फुगते, सैल होते आणि वाफ कडेने जाऊ लागते. रिंग बदलताना त्याच कंपनीची आणि त्याच मापाची घ्यावी.

प्रश्नकर्ती (फोंडा)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आता माझ्या चुका एकेक करून स्पष्ट दिसत आहेत. आणखी एक शंका विचारते. यजमानांना फेजुआद, म्हणजे राजमा आणि चोरिसांचा रस्सा, फार आवडते. म्हापशाच्या बाजारातून चोरिसांची (डुकराच्या मांसाच्या गोव्याकडच्या सॉसेजची) माळ आणली आहे, आणि राजमा, चोरिस, कांदा असे सारे एकत्र ३ लिटरच्या कुकरात घालून एकदमच शिजवले तर चालेल का? मागे उघड्या टोपात तसे केले होते, तेव्हा दोन तास होऊनही राजमा दाताखाली कचकचत होता.

प्रतिसाद (म्हापसा)

ताई, एकत्र घालू नका, आणि राजमा कडक राहण्याचे कारणही तेच आहे. चोरिसांत व्हिनेगर भरपूर असते, आणि आंबटाच्या संगतीत कडधान्याचे दाणे मऊ होत नाहीत. त्यांच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबटात विरघळत नाही. बटाट्याचेही तसेच होते. आंबट मसाल्यात घातलेला बटाटा शिजूनही कडेला टणक राहतो, म्हणून तोही मी आधी वेगळा उकडून घेते.

राजमा आदल्या रात्री भिजत घालावा, सकाळी ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात कुकर अर्ध्याहून अधिक भरणार नाही असे पाहून शिजवावा. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १५ ते २० मिनिटे लागतात. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. यात आळस करू नये, कारण अर्धकच्च्या राजम्यात पोटाला बाधणारा विषारी घटक शिल्लक राहतो आणि चांगल्या उकळीशिवाय तो जात नाही. राजमा काढून ठेवल्यावर त्याच कुकरात, झाकण न लावता, चोरिसांची आतडी सोलून आतले मांस मंद आचेवर परतावे. त्याची चरबी सुटते, तिच्यातच कांदा परतावा, वेगळे तेल लागत नाही. मग अर्धी वाटी पाणी घालून ते मऊ होईपर्यंत झाकून ठेवावे, आणि शेवटी राजमा व त्याचे थोडे पाणी घालून १० मिनिटे एकत्र उकळावे. चोरिसांत मीठ असतेच; त्यामुळे मीठ अगदी शेवटी, चव घेऊन मगच घालावे.

तुमचा कुकर ३ लिटरचा असेल तर कोरडा राजमा एका वेळी पाव किलोहून अधिक घेऊ नका. भिजल्यावर तो दुपटीहून अधिक फुगतो.

प्रश्नकर्ती (फोंडा)

ठरल्याप्रमाणे ३ लिटरचा, पसरट, जाड बुडाचा स्टीलचा कुकर आणला. पहिल्यांदा खांद्याचे आणि थोडे कातडीसह पोटाचे असे अर्धा किलो मांस आदल्या रात्री वाटण लावून ठेवले होते. दोन खेपांत परतले, एक वाटी पाणी घातले, पहिल्या शिट्टीनंतर १५ मिनिटे मंद आच ठेवली आणि वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. त्याला १२ मिनिटे लागली. तळ स्वच्छ होता. उघडे ठेवून उकळल्यावर रस्सा हवा तसा दाट झाला, आणि दुसऱ्या दिवशी सान्नांबरोबर (तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांबरोबर) तो अधिकच मुरलेला लागला. फक्त कातडीचे तुकडे थोडे चिवट राहिले. पणजीच्या ताईंनी त्यांच्यासाठी २० मिनिटे सांगितली होती, तेवढी पुढच्या वेळी ठेवीन. फेजुआद रविवारी करणार आहे, राजमा शनिवारी रात्री भिजत घालते. कुकर ठेवण्यासाठी सासूबाईंनी ओट्याखालचा एक कप्पा स्वतःहून रिकामा करून दिला आहे.