वक्तृत्व स्पर्धेत भाषाशैलीला गुण हवेतच कशाला?

गोदाकाठचा श्रोता
नाशिकमधल्या शालेय वक्तृत्व स्पर्धा ऐकायला हल्ली नको वाटतं. विषय शेतकरी असो की मोबाइल, साचा ठरलेला. आधी चारोळी, मग "तुम्हीच सांगा मित्रहो, हे किती दिवस चालायचं?", मग हात वर करून तीन तुकड्यांचं एक वाक्य, शेवटी पुन्हा चारोळी. परवा आठवीतली एक मुलगी पाण्यावर बोलली. "पाणी म्हणजे जीवन, पाणी म्हणजे अमृत, पाणी म्हणजे उद्या" हे तीनदा आलं. शहराला गंगापूर धरणातून पाणी येतं, हे एकदाही नाही. पहिलं बक्षीस तिलाच!

माझं म्हणणं सरळ आहे. गुणपत्रिकेतला 'भाषाशैली'चा रकानाच काढा. मुद्दा आणि पुरावा बघा. जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेसुद्धा काव्याच्या व्याख्येत "अनलंकृती पुनः क्वापि" म्हणत अलंकाराला सूट दिली आहे. भाषणाला तर त्याची मुळीच गरज नाही.

पंचवटीकर
मम्मट तुम्ही सोयीपुरता वाचलात. अलंकाराशिवाय कुठेकुठे चालेल, एवढंच तो म्हणतो. पुढे त्याच्या काव्यप्रकाश या ग्रंथाच्या दहापैकी शेवटचे दोन उल्लास, म्हणजे प्रकरणं, त्याने अलंकारांनाच दिलेत.

आणि भाषण कानाने ऐकायचं असतं. वाचणारा पान मागे उलटतो, ऐकणाऱ्याला ती सोय कुठे? कीर्तनकार निरूपणात कितीही लांब गेला तरी धृपदावर परत येतो तो याचसाठी. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेला बसून बघा. घाटावरची वर्दळ, उशिरा येणारी मंडळी, मध्येच कोणाचा तरी फोन. तिथे वक्त्याने मुद्दा एकदाच सांगितला तर तो निम्म्यांपर्यंत पोचतच नाही.

हिशेबी
श्रोत्यांशी सहमत. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेतलं गेटिसबर्ग. तेव्हाचे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, त्यांच्यानंतर लिंकन दोन-तीन मिनिटं. आज एव्हरेट कोणाला आठवतात? साधं बोलणंच टिकतं.

पंचवटीकर
थोडक्यात बोलणं वेगळं, साधं बोलणं वेगळं. लिंकनची सुरुवातच "सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी" अशी नाही. "चार विसा आणि सात" अशी जुन्या, बायबलच्या वळणाची आहे. मध्ये "आम्ही ही भूमी अर्पण करू शकत नाही, पवित्र करू शकत नाही, पावन करू शकत नाही". शेवटी लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी. एवढ्याशा भाषणात पुनरुक्ती ठासून भरली आहे. ती तुम्हाला खटकली नाही, हेच तिचं यश.

सिन्नरची शिक्षिका
स्पर्धेचं भाषण लिहितं कोण, हे कोणीच विचारलं नाही. शिक्षक किंवा पालक लिहितात आणि मूल पाठ करतं. मग अलंकारांवर राग का? वाडीवस्तीवरची मुलगी पहिल्यांदा माइकसमोर उभी राहते तेव्हा तिला साच्याचाच आधार असतो. पाचवीत साचा द्या, नववीत काढून घ्या.

येवलेकर
लिंकनपर्यंत कशाला जायचं? १३ ऑक्टोबर १९३५, आमचं येवला. हिंदू म्हणून जन्माला आलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, ही बाबासाहेबांची घोषणा. घडण बघा. जन्म आणि मरण समोरासमोर, 'हिंदू म्हणून' दोन्हीकडे. म्हणजे विरोधही आहे आणि पुनरुक्तीही, पंचवटीकरांना हवं ते सगळं.

पण त्या वाक्याला वजन कुठून आलं? २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, तरी दार उघडलं नाही. एवढं सगळं त्या दोन तुकड्यांच्या मागे उभं होतं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी ते करूनही दाखवलं. आता हीच घडण उचलून कोणी "मी स्पर्धक म्हणून आलो, पण स्पर्धक म्हणून जाणार नाही" म्हणालं, तर हसूच येणार. रचना तीच, मागे काहीच नाही. त्यामुळे रकाना काढून काही होणार नाही. परीक्षकाला हा फरक कळतो का, ते आधी बघा.

गोदाकाठचा श्रोता
परीक्षकाला कळत नाही, म्हणूनच तर रकाना काढा म्हणतोय! दिवसभर एकामागून एक भाषणं ऐकून त्याच्या कानाला फक्त आवाजाचा चढउतार कळतो. बरं, रकाना ठेवायचाच असेल तर भाषण संपल्यावर विषयावर दोन प्रश्न विचारा. पाठांतर किती आणि समज किती, तिथेच कळेल.

सिन्नरची शिक्षिका
चालेल, पण प्रश्न विचारले जाणार हे महिनाभर आधी नियमांत छापा. ऐनवेळी विचारून मुलांना रडवत मंचावरून उतरवू नका. आणि दोनातला एक प्रश्न लिहून देणाऱ्याला विचारता आला तर फारच उत्तम.

हिशेबी
+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

पंचवटीकर
प्रश्नांना माझी हरकत नाही. रकाना मात्र राहणार. चारोळीला उणे गुण द्यायचे असतील तर त्या ठरावावर पहिली सही माझी.