मदत हवी: फिरवलेल्या विटांची जाळी उभी राहील का?

कोनाडा: जिन्याच्या कडेला साधी भिंत नको, विटांची जाळी हवी आहे. प्रत्येक थरात वीट थोडी थोडी फिरवत न्यायची, म्हणजे लांबून लाट दिसेल. गवंडी म्हणतो, वाऱ्याने पडेल. काम थांबलंय. मधे लोखंड घालायचं का? लवकर सांगा.

ओळंबा: उंची? लांबी? वर स्लॅबचा भार येतोय की नुसता आडोसा? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

चौथरा: रॅट-ट्रॅप बॉन्ड करा. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी ही रचना केरळात रुजवली. विटा कडेवर लावायच्या, आत पोकळी राहते, साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि खोली गार राहते. माझं अख्खं घर तसंच आहे, बाहेरून गिलावाही नाही.

ओळंबा: अहो, त्यांना उजेड-वारा हवाय. रॅट-ट्रॅपची पोकळी भिंतीच्या पोटात बंद असते, आरपार नसते.

रेघोटी: हे यंत्राचं काम. स्वित्झर्लंडमधल्या गांटेनबाइन वायनरीच्या (वाइनच्या कारखान्याच्या) भिंती ग्रामाझिओ आणि कोहलर या वास्तुविशारदांनी २००६ मध्ये रोबोकडून रचून घेतल्या. २०,००० विटा, हव्या त्या कोनात, आणि सिमेंटच्या मालाऐवजी चिकटद्रव्य. हाताने जमणार नाही.

सांधेमोड: अजिबात पटलं नाही. दिल्लीत अनाग्राम आर्किटेक्ट्सनी मानवी हक्क दस्तऐवज केंद्राच्या इमारतीला पिळदार विटांचा पडदा केला, तो गवंड्यांनीच रचला. कोनांचे प्लायचे साचे कापून द्या, चांगला गवंडी बिनचूक लावतो. आधी दोन-तीन थर कोरडे मांडून बघा.

कोनाडा: साचे करू, पण पडेल का ते सांगा ना! भार नाही, आडोसाच आहे. १० फूट उंच, १४ फूट लांब, दोन्ही टोकांना कॉलम, ९ इंची विटा.

चौथरा: मग भिंतच नागमोडी घ्या. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जेफरसनने तिथल्या व्हर्जिनिया विद्यापीठात एका विटेच्या जाडीच्या तशा भिंती बांधल्या. आकारामुळेच त्या उभ्या राहतात.

ओळंबा: जिन्याची रुंदी खाईल.

सांधेमोड: गवंड्याची भीती खरी आहे. जाळीत उभे सांधे नसतात, वाऱ्याचा सगळा जोर आडव्या सांध्यांवर येतो. वीट फिरवली की खालच्या विटेवरचं टेकण आणखी घटतं. ४ इंच फट ठेवली तर वरची वीट दोन्हीकडे अडीच इंच टेकते, कोन बेतानेच द्या. १४ फूट सलग साडेचार इंची (विटेच्या रुंदीएवढी) पडदी मी तरी ठेवणार नाही. मधे एक आरसीसी खांब आणि उंचीत दोन आडवे पट्टे, कॉलममध्ये गुंतवून. साधी सळई सांध्यात नको. फटीपाशी उघडी पडते, गंजून फुगते आणि विटा फोडते. मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

पागोळी: आणि वॉर्निश मारू नका. ओल आत अडकते, लोणा लागतो. विटांमधले सांधे नीट भरा, पुरे.

कोनाडा: वॉर्निशचं नंतर बघू. मधला खांब आला की लाट तुटते. मागे लपवता येईल?

ओळंबा: येईल. खांब आतल्या अंगाला घ्या, जाळी त्याच्या पुढून न्या आणि दर चार-पाच थरांवर स्टेनलेसच्या पट्टीने बांधा. आडवे पट्टेही तसेच मागून. शिवाय फटीत पाय रोवून मुलं चढतात. जिन्याच्या अंगाला खालच्या फटी अरुंद ठेवा.