दातांना तारा लावल्यावर दात किडू नयेत म्हणून काय केलंत? अनुभव लिहा

लेकीच्या दातांना लवकरच तारा लागणार आहेत. भाचीचे दात तारांनी सुरेख सरळ झाले, पण ब्रॅकेट (तार धरून ठेवायला दातांवर चिकटवलेले छोटे तुकडे) निघाल्यावर त्यांच्या कडेकडेने खडूसारखे पांढरे डाग दिसले. हे डाग म्हणजे किडीची सुरुवात, आणि तारा लागल्यावर महिन्याभरातही ते पडू शकतात, हे कळल्यापासून धास्ती बसली आहे. ज्यांनी हे निभावलंय, त्यांनी रोज नेमकं काय केलं ते सविस्तर सांगा.

चाफा : ताई, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी, तिथे लक्ष द्या. डाग बहुतेक तिथेच पडतात. आमच्याकडे लेक आधी ब्रश हिरडीच्या बाजूने तिरका धरून ब्रॅकेटच्या वरून घासायचा, मग खालून, आणि शेवटी तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश) फिरवायचा. रविवारी मी त्याचा ओठ वर करून दात रुमालाने कोरडे करायचे आणि बॅटरीच्या उजेडात बघायचे. सुरुवातीचा डाग ओल्या दातावर दिसत नाही, कोरड्यावर दिसतो. वरच्या सुळ्याजवळच्या दातावर एकदा फिकट पट्टी दिसली. डॉक्टरांनी लगेच फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दाताचं कवच घट्ट करणारा लेप, लावला. पट्टी पुढे वाढली नाही.

होस्टेलकर : मला गोड किती खातो यापेक्षा किती वेळा खातो ते सांभाळावं लागलं. दर खाण्यानंतर तोंडातला सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली जातो, म्हणजे आम्लता वाढते, दाताच्या कवचातलं कॅल्शियम सुटायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. दर तासाला चहा-बिस्किट म्हटलं तर तेवढी उसंतच नाही. मी चहा-बिस्किटं जेवणाला जोडून घेऊ लागलो. दिवाळीचे लाडू-शंकरपाळेही तसेच. चिक्की मात्र पूर्ण बंद, ब्रॅकेटच उखडतं.

वऱ्हाडी : आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर, त्याने दातांवर पट्टे येतात. पोराच्या दातांवर आधीपासूनच पांढुरके पट्टे होते. म्हणून ब्रॅकेट चिकटवण्याआधी सगळ्या दातांचे फोटो मागून घेतले. पाण्याचे पट्टे डाव्या-उजव्या दातांवर सारखे आणि पसरट असतात, किडीचा डाग ब्रॅकेटच्या किंवा हिरडीच्या कडेला धरून असतो. जुना कोणता, नवा कोणता, याचा वाद फोटोंमुळे उरला नाही. आमच्या भागातल्यांनी हे कराच.

दंतवैद्य आहे, कोल्हापूर : पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलंय का ते पाहा. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतंच. घासून झालं की फेस थुंकायचा, चुळा भरायच्या नाहीत. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश वापरायचं तर ब्रशच्या वेळी नको, दुपारी शाळेतून आल्यावर वगैरे. सहा वर्षांखालच्यांना देऊ नये. तारा निघाल्यावर डाग राहिलेच, तर लगेच जास्त तीव्रतेचं फ्लोराइड लावून घेऊ नका. वरचा थर घट्ट होतो आणि आतला पांढरेपणा तसाच अडकतो. काही महिने साधी पेस्ट आणि लाळ यांना काम करू द्या, बरेच डाग फिके होतात. उरलेल्यांवर रेझिन (पातळ, नंतर घट्ट होणारा पदार्थ) डागात झिरपवण्याचा उपचार आहे, दात कोरावा लागत नाही.

रानवारा : दाढेभोवतीचा बँड (सिमेंटने बसवलेलं धातूचं कडं) किंचितही हलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. खालचं सिमेंट निघालेलं असतं, अन्न आत जातं आणि तिथे ब्रश पोचत नाही. दुखत नाही म्हणून मुलं सांगत नाहीत. दर आठवड्याला बोटाने हलवून बघा.